सत्यनारायणाचा तयार संच आणि घरपोच गुरुजी : सोलापुरातल्या सेवेची पारख

सोलापुरात आता सत्यनारायणाची पूजा तीन तऱ्हांनी विकत मिळते. पहिली म्हणजे नुसता खोका : हळदकुंकवापासून कापरापर्यंतचं सुकं साहित्य, पोथी आणि तसबीर. दुसरी म्हणजे खोका आणि गुरुजी, दोन्ही घरपोच, वेळ ठरवून. तिसऱ्या तऱ्हेत आपण मोबाइलवरून नाव-गोत्र कळवायचं, पूजा दुसऱ्याच गावात होते आणि आपल्याला चित्रफीत येते. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इथल्या नव्या इमारतींतून या तिन्हींना मागणी आहे.

निकाल आधीच सांगतो. सुक्या साहित्यापुरता खोका घ्यावा. गुरुजी आधी चार प्रश्न विचारून ठरवले तर ती सेवा मनापासून घेण्याजोगी आहे. तिसरी तऱ्हा सत्यनारायणासाठी घेऊ नये. मात्र या तिन्हींत एक गोष्ट कधीच येत नाही, आणि पोथीच्या हिशेबात ती रव्याइतकीच जरुरीची आहे.

खोका

खोका उघडल्यावर आधी तांदूळ बघा. अक्षत म्हणजे न मोडलेलं. खोक्यातली तांदळाची पुडी बऱ्याचदा कणीची असते, तिच्या अक्षता होत नाहीत. चौरंगावर पसरायला आणि कलशावरच्या ताम्हणात घालायला मिळून सव्वा ते दीड किलो अख्खा तांदूळ लागतो. तो घरातलाच घ्यावा.

मग सुपाऱ्या मोजा. गणपतीची 1, नवग्रहांच्या 9, अष्टदिक्पालांच्या 8, म्हणजे 18 इथेच संपतात. विड्यांवरच्या वेगळ्या, कलशात टाकायची वेगळी, आणि काही गुरुजी अधिदेवतांच्याही मांडतात. एकूण 35 ते 40 हाताशी हव्यात. पुडीत 21 असतील तर ऐन मांडणीच्या वेळी कोणाला तरी दुकानात पळावं लागतं. सुपारी हातात घेऊन बघावी. कीड लागलेली हलकी लागते आणि तिच्यातून भुसा पडतो.

कुंकवाची परीक्षा सोपी आहे. चिमूटभर ओल्या बोटावर घेऊन चोळावं. हळदीचं कुंकू धुतल्यावर निघून जातं. भडक गुलाबी किंवा काळपट लाल रंगाचा डाग बोटावर राहिला तर ते रंगाचं आहे. देवाला वाहा, कपाळाला लावू नका, लहान मुलांना तर नाहीच. कापराची वडी चांगली असेल तर जळून गेल्यावर मागे जवळजवळ काही उरत नाही. ताटलीत काळं तेलकट राहिलं तर कापूर भेसळीचा.

सगळ्यात महत्त्वाचं तूप. खोक्यातल्या छोट्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘फक्त दिव्यासाठी, खाण्यासाठी नाही’ असं छापलेलं असतं. ते निरांजनालाच वापरायचं. गडबडीत तेच पंचामृतात किंवा शिऱ्यात पडतं, आणि हा प्रसाद लहानापासून थोरापर्यंत सगळे खातात. बाटली आल्याबरोबर समईशेजारी नेऊन ठेवावी, स्वयंपाकघरात जाऊच देऊ नये. मधाच्या लहान बाटलीवरचा मजकूरही तसाच वाचून घ्यावा.

ओलं साहित्य खोक्यात घेऊ नका. विड्याची पानं, तुळस, दुर्वा, आंब्याचे डहाळे आणि फुलं बंद डब्यात एक रात्र काढून येतात आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती काळी पडलेलीच निघतात. हे सगळं त्याच दिवशी सकाळी मधल्या मारुतीच्या बाजूला किंवा लक्ष्मी मंडईत घ्यावं : पानं 25, दुर्वांची एक जुडी, तुळशीच्या मंजिऱ्या, सुटी फुलं आणि एक हार. केळीचे चार खुंट आदल्या दिवशी सांगून ठेवावेत. नारळ कानाशी धरून हलवावा. पाणी वाजलं तरच घ्यावा, शेंडी असलेलाच घ्यावा.

खोक्याचं खरं काम म्हणजे विसरायला होतात त्या वस्तू : जानवं, कापसाची वस्त्रं, अष्टगंध, अबीर, बुक्का, हळकुंडं, खारका, बदाम, सुतळीसारखा लाल दोरा. या एकेकीसाठी दुकान हिंडण्यात अर्धा दिवस जातो. दोघंही कामावर जाणाऱ्या घरात तो वेळ नसतो, म्हणून खोक्याला कमी लेखू नये.

प्रसाद

खोक्यात आता रवा-साखरही येते. माप मात्र आपलं आपण ठरवावं. पोथीत नैवेद्य ‘सपाद’ सांगितला आहे, म्हणजे सव्वाच्या मापाचा : केळी, तूप, दूध आणि गव्हाचं पीठ. गहू नसेल तर तांदळाचं पीठ, साखर नसेल तर गूळ चालतो, अशी सोयही तिथेच दिली आहे. घरात अडचण असलेल्या माणसाचा विचार करून लिहिलेलं हे विधान आहे, आणि गुरुजींनीही ते यजमानाला आवर्जून सांगायला हवं.

25 ते 30 माणसांना द्रोणातून वाटण्यापुरता शिरा करायचा तर सव्वा पाव रवा, सव्वा पाव तूप, सव्वा पाव साखर, पाऊण लिटर दूध आणि 3 पिकलेली केळी. शंभराच्या आसपास माणसं असतील तर सगळं सव्वा किलोच्या मापाने, दूध 3 लिटर, केळी डझनभर. करमाळ्याकडची केळी मंडईत मिळतात. सालीवर काळे ठिपके आलेली घ्यावीत, हिरवट केळं शिऱ्यात तुरट लागतं.

रवा तुपात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचा. रंगापेक्षा वासावर लक्ष ठेवायचं. भाजत आला की केळ्याच्या चकत्या त्यातच टाकून परतायच्या, शेवटी टाकल्या तर काळ्या पडतात आणि पाणी सोडतात. दूध दुसऱ्या शेगडीवर उकळत ठेवलेलं हवं. गार दूध ओतलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. दूध आटून रवा फुलला, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ आली, की मगच साखर. साखर आधी पडली तर रवा फुलत नाही, कचकचीत राहतो, आणि मग कितीही दूध घाला, सुधारत नाही. गुळाचा करायचा असेल तर दुधाऐवजी पाणी घ्यावं, गरम दुधात गूळ घातला की दूध फाटतं. कडेने तूप सुटलं की उतरवायचा, तुळशीचं पान ठेवायचं.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आंध्रातल्या अन्नवरमच्या सत्यनारायणाची परंपरा चालते, तिथला प्रसाद गव्हाच्या जाड रव्याचा असतो. अशा घरासाठी खोका घेताना बारीक रव्याचा घेऊन उपयोग नाही, हे विक्रेत्याला आधी सांगावं लागतं.

गुरुजी

चार प्रश्न. पहिला, कथा कोणत्या भाषेत सांगणार? सोलापुरात एकाच जिन्यावर मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरं असतात. संस्कृत श्लोकांनंतर घरातल्या आजीला कळेल अशा भाषेत अर्थ सांगितला नाही तर ती दीड तास नुसती हात जोडून बसते. दुसरा, पाचही अध्याय होणार का? तिसरा, त्या दिवशी आमच्या आधी आणि नंतर किती पूजा आहेत? श्रावणात आणि पौर्णिमेला गुरुजींच्या चार-पाच पूजा असतात. ‘45 मिनिटांत पूजा’ असं कबूल केलं जातं, त्याचं कारण हेच. नीट मांडणी, षोडशोपचार, पाच अध्याय आणि आरत्या धरल्या तर दीड ते दोन तास लागतात. 45 मिनिटांत संकल्प आणि कथा, यांतलं एक काहीतरी कापलं जातं. चौथा प्रश्न दक्षिणेचा. ती खोक्याच्या किमतीत धरली आहे की वेगळी, आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे आधी स्पष्ट करावं. चौरंगावरचे तांदूळ, नारळ, सुटे पैसे हे गुरुजींकडे जातात की घरात राहतात, तेही विचारावं. पूजा झाल्यावर यावरून ओशाळं होण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

वेळही विचारून घ्यावी. पोथीत ही पूजा दिवेलागणीला, म्हणजे प्रदोषकाळी सांगितली आहे. सकाळी नऊची वेळ गुरुजींच्या सोयीची असते. यजमानाने संध्याकाळ मागितली तर बहुतेक गुरुजी ती देतात, फक्त पंधरा दिवस आधी सांगावं लागतं. घरात होमही करायचा असेल, वास्तुशांतीसोबत, तर कुंडाखाली विटा आणि कुंडात दोन बोटं वाळू हवी. नुसत्या फरशीवर लोखंडी कुंड ठेवलं की तापून फरशीला तडा जातो, आणि नव्या घरात ते फार जिवाला लागतं.

आता संकल्प. खोका विकणारे याचा एका ओळीत उल्लेख करतात, आणि पूजेतला सगळ्यात जड भाग हाच. यजमान उजव्या हातात पाणी घेतो. गुरुजी काळ सांगतात, मग स्थळ : दंडकारण्य देश, गोदावरीचा दक्षिण तीर. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. आणि मग मागणं : आम्हा सर्वांना, सहकुटुंब, सपरिवार, घरातल्या दोन पायांच्या आणि चार पायांच्या सगळ्यांसकट, क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य मिळो. यातला ‘स्थैर्य’ हा शब्द आज सोलापुरातल्या घराघरांत ज्याच्यासाठी पूजा घातली जाते, त्याचं नेमकं नाव आहे. गुरुजींना हा शब्द मराठीत समजावून सांगायला लावा. यजमानाने ज्या कारणासाठी पूजा घातली ते कारणही तिथे मोठ्याने म्हटलं जावं : नोकरी, शस्त्रक्रिया, मुलीचं शिक्षण, जे असेल ते.

चित्रफितीवरची पूजा

संकल्पावरूनच तिसऱ्या तऱ्हेची अडचण कळते. पूजा दुसऱ्या गावात होते तेव्हा संकल्पात स्थळ त्या गावाचं येतं, पाणी दुसऱ्याच्या हातातून सुटतं, आणि प्रसाद टपालाने येतो, तोही बहुधा साखरफुटाणे किंवा सुका मेवा, कारण शिरा टिकत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एखाद्या क्षेत्रातल्या अभिषेकाचं दर्शन मोबाइलवर घडावं, यात गैर काहीच नाही. ते समाधान खरं असतं. पण सत्यनारायण हे घरात करायचं व्रत आहे. पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरीला असलेल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर पूजा सोलापूरच्या घरात ठेवा आणि त्याला फक्त बघायला न लावता एक अध्याय वाचायला द्या. त्याची पद्धत खाली आहे.

इथेच एक सावधगिरी. नाव-गोत्र आणि जन्मवेळ एकदा दिली की नंतर फोन येऊ लागतात : पत्रिकेत अमुक दोष आहे, तमुक शांती केली नाही तर मुलावर येईल. एका शांतीतून दुसरी निघते, आणि रक्कम प्रत्येक वेळी वाढते. घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढणं हा धर्म नव्हे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि पोलिसांत तक्रार करता येते. सत्यनारायणाला जन्मवेळ लागतच नाही. ती मागितली तर देऊ नका.

खोक्यात नसलेली गोष्ट

ती म्हणजे माणसं. पोथीत पहिल्याच अध्यायात व्रताचा विधी सांगताना बांधवांसह पूजा करावी असं म्हटलं आहे, कथा लोकांसह ऐकावी असं म्हटलं आहे, आणि बांधवांसह जेवावं असंही. केळी-तूप-दुधाच्या यादीइतकंच हे स्पष्ट आहे. यादीतला रवा आपण ग्रॅमवर मोजतो आणि माणसांचा रकाना रिकामा सोडतो.

पुढच्या कथा बघा. काशीचा गरीब ब्राह्मण रोज भिक्षेला फिरतो. मोळीविक्या डोक्यावर लाकडं घेऊन दारोदार जातो. साधुवाण्याचं सगळं धन नावेत आहे आणि त्या नावेत एका क्षणी नुसता पालापाचोळा दिसू लागतो. तुंगध्वज राजा गवळ्यांनी आणून दिलेला प्रसाद टाकून उठतो आणि त्याची मुलं, धन, सगळं जातं. उद्याचा भरवसा नसलेल्या माणसांच्याच या कथा आहेत. आणि मोळीविक्याला कोणी बोलावलेलं नव्हतं. तहान लागली म्हणून तो मोळी बाहेर ठेवून त्या ब्राह्मणाच्या घरात शिरला, पूजा बघितली, विचारलं, प्रसाद खाल्ला, पाणी प्यायला. दार उघडं होतं म्हणून ते व्रत त्याच्यापर्यंत पोचलं.

सोलापुरात हा बदल फार जवळून दिसतो. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्या चालत होत्या तेव्हा भोंग्यावर सगळ्या पेठांचा दिवस सुरू व्हायचा. संप झाला, टाळेबंदी आली, तर अख्ख्या चाळीला एकाच दिवशी एकच काळजी लागायची आणि ती ओट्यावर बोलली जायची. आज एका इमारतीत एकाचा यंत्रमाग मंदीत आहे, दुसरा गणवेश शिवण्याच्या कारखान्यात नगावर काम करतो, तिसऱ्याचा करार मार्चमध्ये संपतो, चौथ्याची मुलगी तिसऱ्यांदा स्पर्धापरीक्षेला बसली आहे. काळजी प्रत्येकाची वेगळी, हप्ता वेगळा, आणि दार बंद. अपयश आलं तर तेही ज्याचं त्याचं, असं माणूस मनाशी धरून बसतो. अशा वेळी देवाकडे वळणं ही अडाणीपणाची खूण मानू नये. जिथे काळजी कमीपणा न वाटता मोठ्याने म्हणता येते, अशी जागा माणूस शोधत असतो. पण पूजा ही अशी जागा होते ती चार जण ऐकायला असतील तरच. बंद दारामागे गुरुजी आणि नवराबायको, असा 45 मिनिटांचा विधी उरकला तर साहित्य पुरं होतं आणि माणूस होता तितकाच एकटा राहतो.

याच गावात दुसरी तऱ्हाही जिवंत आहे. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, सात नंदीध्वज निघतात, 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि संमती कट्ट्यावर त्यांच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडतात तेव्हा कोणी कोणाचं गोत्र विचारत नाही. मूठभर तांदूळ घेऊन उभं राहायचं, एवढंच. ज्याने ते एकदा अनुभवलं आहे त्याला सत्यनारायणाला माणसं का हवीत हे वेगळं सांगावं लागणार नाही.

व्यवहारात असं करता येतं. पंचवीस माणसं नको, पाच घरं पुरेत. गटावर संदेश टाकू नका, त्याला अंगठा येतो, माणूस येत नाही. आदल्या दिवशी दारावर जाऊन सांगा. तारीख ठरवताना नळाला पाणी येण्याचा दिवस बघा, कारण चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात पाण्याच्या दिवशी संध्याकाळी बायकांना निघता येत नाही, आणि अगदी आदल्या दिवशी घरात भांडी घासायलाही पाणी नसतं. पाण्याचा दुसरा दिवस सगळ्यांत सोयीचा.

कथेला पाच अध्याय आहेत. मराठी पोथीचे ते पाच अध्याय पाच घरांतल्या पाच जणांना वाचायला द्या. गुरुजींना आधी विचारलं तर ते सहसा आनंदाने हो म्हणतात, त्यांच्या घशालाही विश्रांती मिळते. तिसरा अध्याय साधुवाण्याचा, लांब आहे, तो सवयीच्या वाचणाऱ्याला. पाचवा छोटा आहे, तो शाळेतल्या मुलाला. परगावच्या मुलाला दुसरा द्या, मोळीविक्याचा. एक पोथी कमी पडते म्हणून खोक्याशिवाय दोन जादा घ्या, मोठ्या अक्षरांच्या. रवा भाजायला शेजारच्या घरातली कढई आणि शेजारचंच माणूस बोलवा. भाजताना-ढवळताना स्वयंपाकघरात जे बोलणं होतं ते बाहेर संकल्पाच्या वेळी झालेल्या बोलण्याइतकंच कामाचं असतं.

आणि पाच द्रोण बाजूला काढून ठेवा : रखवालदार, जिना झाडणाऱ्या मावशी, पाण्याचे जार आणणारा, आणि त्या दीड तासात दारात पुडकं घेऊन येणारा कोणीही. त्याला उंबऱ्याबाहेर सही घेऊन पाठवू नका. दोन मिनिटं बसवा, प्यायला पाणी द्या.

दुसऱ्या दिवशी

उत्तरपूजा झाल्यावर कलशातलं पाणी घरभर शिंपडून उरलेलं तुळशीला घालायचं. सुपाऱ्या पुसून, उन्हात वाळवून डब्यात ठेवल्या तर पुढच्या पूजेला पुन्हा चालतात की नाही, हे आपापल्या गुरुजींना विचारा, मतं वेगळी आहेत. फुलं-पानं सिद्धेश्वर तलावात नेऊन टाकू नका. कुंडीत किंवा झाडाच्या आळ्यात मातीखाली घाला, सुतळी आणि जरीचा हार आधी वेगळा करून. खोक्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या पुड्या पंचवीस-तीस तरी भरतात. त्या निर्माल्यात मिसळू न देता सुक्या कचऱ्यात द्या, आणि पुढच्या वेळी विक्रेत्याकडे कागदी पुड्यांचा संच मागा. मागणारे वाढले की तो ठेवू लागेल.